भिंतीआडची औषधी बाग

प्रश्न : मुलाकडे महिनाभर लंडनला जात आहोत. मोठी उद्याने तो दाखवीलच. परंतु चेल्सी भागात उंच भिंतींच्या आत एक जुनी बाग दडलेली आहे, असे ऐकले. तिकीट काढून पाहावी असे तिथे काही आहे का? आम्हा दोघांनाही वनस्पतींचे फारसे ज्ञान नाही आणि यजमानांचे गुडघे दुखतात.
— एक वाचिका, सांगली

उत्तर : आपण ऐकले ती बाग म्हणजे चेल्सी फिजिक गार्डन. ‘फिजिक’ म्हणजे येथे औषधोपचार. लंडनमधील औषधे बनवून विकणाऱ्यांच्या संघाने आपल्या शिकाऊ उमेदवारांना औषधी झाड कोणते आणि विषारी कोणते हे ओळखता यावे, म्हणून १६७३ मध्ये ती लावली. त्यामुळे फुलांचे गालिचे पाहण्याच्या अपेक्षेने गेलात तर निराशा होईल; ही बाग पाहण्यापेक्षा वाचायची आहे, आणि वाफ्यांतल्या पाट्या वाचण्याची सवड नसेल तर तिकिटाचे पैसे वाचवावेत हे बरे.

थेम्स नदी त्या काळी बागेला लागूनच वाहत असे आणि माणसे नावेने येत-जात. १८७० च्या दशकात काठाने बांध व रस्ता झाला आणि नदी दुरावली. सर्वसामान्यांसाठी दार उघडले ते तर थेट १९८३ मध्ये. जमिनीचे मालक डॉ. हान्स स्लोन यांनी १७२२ मध्ये ती वर्षाला पाच पौंड भाड्याने संघाला कायमची दिली, मात्र दरवर्षी पन्नास वनस्पतींचे वाळवलेले नमुने रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेला पोचवावेत, अशी अट घातली. (याच स्लोन यांच्या संपत्तीत जमैकातील गुलामांच्या श्रमावर चाललेल्या ऊसमळ्यांचा पैसा होता, हेही ध्यानात असू द्यावे.)

तळ्याभोवतीची दगडी रचना १७७३ ची आहे. तिच्यातले काळे, सच्छिद्र दगड जवळून पाहावेत : वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी आइसलंडहून आणलेला तो लाव्हा आहे, आणि त्याच्या शेजारी टॉवर ऑफ लंडनचे जुने चिरे बसवलेले आहेत.

मला स्वतःला मात्र ही बाग जवळची वाटते ती आपल्या अंगणातल्या सदाफुलीमुळे. मूळच्या मादागास्करच्या या झाडाचे बी अठराव्या शतकात पॅरिसहून बागेचे प्रमुख फिलिप मिलर यांच्याकडे आले आणि त्यांनी ते येथे रुजवले. पुढे १९५० च्या दशकात, मधुमेहावर ही पाने चालतात या लोकसमजुतीचा माग काढताना कॅनडातील संशोधकांच्या हाती रक्ताच्या पांढऱ्या पेशी घटवणारे द्रव्य लागले, आणि त्या वाटेने विनब्लास्टिन व विनक्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधे मिळाली; त्यांपैकी विनक्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात आजही वापरतात. (आपल्याकडेही पाने चघळणारे आहेत. झाड विषारी आहे. कृपया चघळू नये.)

बाग जेमतेम चार एकरांची आणि सपाट असल्याने गुडघ्यांची चिंता नको. काही वाटा खडीच्या आहेत, तेवढी काठी सोबत असावी. हिवाळ्यात जाणे टाळावे, आणि प्रवेशाचे वार बदलत असल्याने निघण्यापूर्वी मुलाला पाहून घ्यायला सांगावे. जवळचे भुयारी स्थानक स्लोन स्क्वेअर, म्हणजे त्याच डॉक्टरांच्या नावाचे. तेथून चालत पंधरा-वीस मिनिटे लागतात, तेव्हा यजमानांसाठी बस बरी.