आधुनिक तुर्की शास्त्रीय संगीत म्हणजे पाश्चात्त्य संगीताची नक्कलच का?

नक्कल म्हणणं अन्यायाचं होईल. वाद्यवृंद युरोपचा, पण चाली आणि ताल बऱ्याचदा तिथल्या मातीतले.

पाश्चात्त्य प्रभाव तसा जुना. 1826 मध्ये ऑटोमन सुलतान दुसरा महमूद याने जानिसारी ही खास पायदळ फौज मोडली, तिच्याबरोबर तिचं ‘मेहतेर’ म्हणजे लष्करी बँडचं वादनही गेलं. 1828 मध्ये नवा बँड उभा करायला इटलीहून जुझेप्पे दोनिझेत्ती आला. पुढे प्रजासत्ताकात, 1934 साली, रेडिओवर जुन्या ऑटोमन संगीतावर चक्क बंदी आली. मला हे आजही खुपतं.

संगीतकारांनी मात्र लोकसंगीत सोडलं नाही. अहमद अदनान सायगुन पॅरिसला शिकले, आणि 1936 मध्ये हंगेरियन संगीतकार बेला बार्तोकबरोबर लोकगीतं गोळा करत दक्षिण तुर्कीतल्या अदानाच्या परिसरात हिंडले.

उल्वी जेमाल एर्किन यांची 1943 ची ‘क्योचेक्चे’ ही वाद्यवृंदाची रचना जरूर ऐका, आणि तिच्यातल्या 9 मात्रांच्या भागांना टाळी देऊन बघा: एक-दोन, एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन. याला ‘अक्साक’ म्हणतात, म्हणजे लंगडता. शेवटच्या तीनला पाऊल जरा रेंगाळतं, आणि सगळी नजाकत तिथेच आहे!

सुरांचं काम जास्त अवघड. तुर्की पद्धतीत एका पूर्ण स्वरांतराचे 9 ‘कोमा’ मानतात. पियानोवर हे मधले सूर निघतच नाहीत, जशा आपल्या पेटीवर श्रुती निघत नाहीत. त्यामुळे वाद्यवृंदात मकामचं (म्हणजे तिथल्या रागाचं) चलन ओळखू येतं, पण ते बारीक सूर बऱ्याचदा हरवतात. ते हवे असतील तर तंबूर (लांब मानेचं तंतुवाद्य) किंवा नेय (बोरूची बासरी) ऐका.