प्रोपेन की ब्युटेन? वाचकांचे प्रश्न

हिमालयातल्या ट्रेकला नेलेला गॅसचा डबा पहाटे पेटेना. हलवला तर आत द्रव वाजत होता. भेसळ असेल का?

भेसळीची शंका काढून टाका. बर्नरला द्रव चालत नाही, वाफ लागते. अशा डब्यात ब्युटेन आणि प्रोपेन हे इंधन वायू दाबाखाली द्रवरूपात भरलेले असतात. ब्युटेन उणे अर्ध्या अंश सेल्सिअसला उकळतो, प्रोपेन थेट उणे ४२ अंशांना. त्यामुळे गोठवणाऱ्या पहाटे ब्युटेन डब्यात नुसता पडून राहतो. मिश्रण असेल तर प्रोपेन आधी उडून जातो आणि तळाशी ब्युटेन उरतो, म्हणून अर्धा वापरलेला डबा जास्त त्रास देतो. शिवाय वाफ होताना द्रव स्वतःचीच उष्णता खर्च करतो, डबा आणखी गारठतो. थंडीसाठी आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण घ्या. आयसोब्युटेन हा ब्युटेनचाच भाऊबंद, साधारण उणे १२ अंशांना उकळतो. रात्री डबा स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा. ज्योतीवर मात्र कधीही शेकू नका.

मग सगळीकडे प्रोपेनच का भरत नाहीत?

दाबामुळे. २० अंशांना ब्युटेनचा दाब वातावरणाच्या सुमारे दुप्पट असतो, प्रोपेनचा आठपटीहून अधिक. खिशातल्या लायटरचं प्लास्टिक ब्युटेनला पुरतं. प्रोपेनला जाड पोलादी टाकी हवी. आपल्या घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये दोन्हींचं मिश्रण असतं.

स्वयंपाकाला जास्त आच कोणाची?

वजनाला वजन धरलं तर फरक नगण्य. किलोमागे प्रोपेन सुमारे ५० मेगाज्यूल देतो, ब्युटेन किंचित कमी.

गळतीत जास्त घातक कोण?

दोन्ही सारखेच घातक समजा. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. दोन्ही जमिनीलगत पसरतात, ओट्याखाली साचतात. नुसता भिंतीतला वरचा झरोका उघडून भागत नाही. दारं-खिडक्या सताड उघडा, रेग्युलेटर बंद करा, विजेच्या कोणत्याही बटणाला, अगदी एक्झॉस्ट फॅनच्याही, हात लावू नका. बाहेर पडून १९०६ वर कळवा. वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. हे वायू मुळात गंधहीन आहेत.

सिलिंडर सोडून पाइपचा गॅस घेतला. गळती ओळखणारा जुना अलार्म चालेल?

आहे त्या जागी नाही. पाइपमधून येणारा वायू मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका. अलार्म मिथेन ओळखणारा आहे का ते आधी तपासा आणि फरशीजवळून काढून छताजवळ बसवा.