हुकूमशाही संपल्यावर चालणारे खटले म्हणजे निव्वळ नाटक असते का?

नाटक असतेच. मी वकिली करते. काळा कोट, उंच चौथरा, पट्टेवाल्याचा पुकारा, शपथ हे सगळे साध्या दिवाणी दाव्यातही असते. प्रश्न एवढाच की शेवट आधी लिहिलेला आहे का.

मॉस्कोत मार्च १९३८ मध्ये, स्टॅलिनच्या राजवटीने चालवलेल्या खटल्यात, क्रेस्तिन्स्की या जुन्या बोल्शेविक नेत्याने भर कोर्टात गुन्हा नाकारला आणि दुसऱ्याच दिवशी सगळे कबूल केले. आरोपींना जबाब पढवून आणले होते, निकाल तर ठरलेलाच होता.

अर्जेंटिनात वेगळे घडले. १९७६ ते १९८३ या काळात लष्कराने हजारो माणसे उचलून नेली आणि ती आपल्याकडे नाहीतच म्हणून हात वर केले. लोकशाही आल्यावर सत्ता चालवणाऱ्या पहिल्या तीन लष्करी मंडळांतल्या नऊ सेनाधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला. २२ एप्रिल १९८५ पासून ब्युनोस आयर्सच्या न्यायालयात आठशेहून अधिक साक्षी झाल्या. एका प्राध्यापिकेने सांगितले, की डोळ्यांवर पट्टी बांधलेली असताना ती गाडीतच बाळंत झाली. हे लेखी देता आले असते. पण ज्या राज्याने छळ केला त्याच राज्याच्या न्यायाधीशांसमोर, शपथेवर, लोकांच्या देखत ते बोलले जाणे, हाच मला न्यायाचा मोठा भाग वाटतो.

म्हणूनच एक गोष्ट मला फार खटकते. लष्कर बिथरेल या धास्तीने टीव्हीवर रोज जेमतेम तीन मिनिटे दाखवली, तीही आवाजाविना. साक्षीदार पाठमोरे. ज्यांचा आवाज सात वर्षे दाबला होता, त्यांचाच आवाज पुन्हा बंद!

सप्टेंबरात सरकारी वकील हुलिओ स्त्रासेरा यांनी ‘पुन्हा कधीच नाही’ म्हणून भाषण संपवले आणि प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या टाळ्यांकडे बोट दाखवून सगळा खटलाच बनाव होता म्हणणाऱ्यांनी ९ डिसेंबरचा निकाल पाहावा. लष्करी राजवटीचा पहिला राष्ट्राध्यक्ष विदेला आणि नौदलप्रमुख मासेरा यांना जन्मठेप, तिघांना कमी शिक्षा, चौघे निर्दोष. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी अनेकांना तो जिव्हारी लागला. मॉस्कोत एकही आरोपी निर्दोष सुटला नव्हता.

१९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष मेनेम यांनी विदेलाला माफी दिली. मात्र न्यायाधीशांनी त्याआधीच, १९८८ मध्ये, साक्षींच्या चित्रफितींच्या प्रती नॉर्वेत नेऊन ठेवल्या होत्या. खटल्यांच्या आड येणारे कायदे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले, सुनावण्या पुन्हा सुरू झाल्या, आणि विदेला २०१३ मध्ये तुरुंगातच मेला.