बेळगावला पोस्टिंग आली आहे, घरासाठी एजंट कसा निवडावा?

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांची बदली बेळगावला मराठा सेंटरमध्ये, म्हणजे लष्कराच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात, झाली आहे, क्वार्टरची वेटिंग लांब आहे, मुलं दोन आहेत, तुम्ही साताऱ्याच्या, कन्नड येत नाही, आणि वीस दिवसांच्या रजेत भाड्याचं घर बघून जमलं तर प्लॉटही घ्यायचा आहे. त्यासाठी भरवशाचा एजंट कसा ओळखायचा, असं विचारलंय.

मी गणेशपूरला राहते. माझे मिस्टर सुभेदार म्हणून रिटायर झाले. त्यांच्या नोकरीत आम्ही नऊ घरं बदलली. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगते: रजा किती दिवसांची आहे ते एजंटला सांगू नका.

२०११ ची गोष्ट. मिस्टर जम्मूहून वीस दिवसांच्या रजेवर आले होते. एजंटनं पहिल्या चहालाच विचारलं, "साहेब, परत कधी निघायचं?" आम्ही तारीख सांगून टाकली. त्यानंतर पंधरा दिवस त्यानं आम्हाला न परवडणारे किंवा लांबचे प्लॉट दाखवले आणि सतराव्या दिवशी संध्याकाळी, दिवस मावळताना, एक तीस बाय चाळीसचा तुकडा दाखवला. चार कोपऱ्यांना चुन्यानं रंगवलेले दगड, मधे हरभऱ्याची कापलेली खुंटं. "उद्या सकाळी दुसरी पार्टी येणार आहे" म्हणाला. रजा संपत आली म्हणून आम्ही त्याच रात्री बॉण्डवर सही करून पन्नास हजार संचकार, म्हणजे विसार, दिला. जमीन शेतीचीच होती. एन.ए. म्हणजे बिगरशेती झालेली नव्हती, गुंठा-गुंठा पाडून विकायला काढली होती, त्यामुळे खरेदीखत रजिस्टर होईना. मिस्टर युनिटला परतले आणि धाकट्याला कडेवर घेऊन दीड वर्ष मी त्या माणसाच्या ऑफिसचे जिने चढले. तीस हजार परत मिळाले. खुंटं डोळ्यांसमोर असताना आम्हाला साधा प्रश्न सुचला नाही, याचं आजही वाईट वाटतं.

फौजीच्या घरात घाई असतेच आणि वाईट एजंट त्या घाईवरच जगतो. चांगला एजंट ती घाई कमी करतो. मी आता माणूस पारखते तो एवढ्यावरूनच.

पुढे आम्हाला जो एजंट मिळाला त्याची एक आठवण सांगते. हिंडलग्याकडे एक घर मला फार आवडलं होतं. पुढं अंगण, मागं चिक्कूचं झाड, भाडंही बेतात. तो गेटजवळच थांबला, कंपाऊंडला लावलेल्या दोन कुंड्या बाजूला सरकवल्या आणि भिंतीवर बोट ठेवलं. गुडघ्याएवढ्या उंचीवर मातकट रेघ होती, पाण्याची. म्हणाला, "वैनी, हे घर घेऊ नकासा. साहेब नसताना जुलैत तुम्ही पोरांना घेऊन काय करणार?" त्याचं महिन्याचं कमिशन बुडालं. त्याच माणसाकडून आम्ही पुढे स्वतःचं घर घेतलं.

म्हणून एजंटला एक प्रश्न नक्की विचारा: यातलं कुठलं घर तुम्ही मला देणार नाही, आणि का? ज्याच्याकडे उत्तर नाही त्याला एक तर गाव माहीत नाही किंवा सांगायचं नाही.

नावं कुठून मिळवायची? कॅन्टीनच्या रांगेत आणि ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या, बाकावर. पण तिथंही "कोणी चांगलं घर दिलं" असं विचारू नका, "घर सोडताना डिपॉझिट कोणी मिळवून दिलं" असं विचारा. घर देताना सगळेच गोड असतात. पोस्टिंग ऑर्डर आल्यावर, सामान ट्रंकांत भरलेलं असताना मालक रंगाचे आणि नळाचे पैसे कापायला लागतो, तेव्हा जो एजंट येऊन उभा राहतो त्याचा नंबर लिहून घ्या.

भाड्याचा करार इथं सहसा अकरा महिन्यांचा असतो. त्यात पोस्टिंगचा मुद्दा लिहून घ्या: बदलीचा हुकूम आला तर एक महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता येईल आणि डिपॉझिट चावी देण्याच्या दिवशीच परत मिळेल. हे लिहायला एजंट कां-कूं करत असेल तर तो मालकाचा माणूस आहे, तुमचा नाही. 'लीजवर' घर देतो म्हणतील, म्हणजे काही लाख एकरकमी द्यायचे आणि भाडं नाही. ऐकायला बरं वाटतं, पण बदली मधेच आली की "पुढचा भाडेकरू मिळू दे, मग देतो" सुरू होतं. फौजीनं त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कमिशन भाड्याला एक महिन्याचं, खरेदीला एक ते दोन टक्के, अशी आम्ही बघितलेली वहिवाट. आकडा आधीच लिहून घ्या आणि तो दोन्हीकडून घेतो का तेही विचारा.

एजंटनं तुमच्याशी बोललं पाहिजे. मी समोर बसलेली असताना "साहेबांना फोन लावा" म्हणणारे मी परत पाठवले आहेत. मिस्टर फील्डला गेले की पाणी आलं नाही, मीटर जळाला, मालक भांडला, हे सगळं तुम्हालाच निस्तरायचं असतं.

आता प्लॉट. इथले कागद साताऱ्यासारखे दिसणार नाहीत. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, म्हणून जुनी खरेदीखतं मराठीत, काही तर मोडी लिपीत. नवीन सगळं कन्नडमध्ये. एजंट "मी वाचून सांगतो ना" म्हणाला तर त्याचे आभार माना आणि कागद स्वतःच्या वकिलाकडे न्या. वकील एजंटनं सुचवलेला नको. शेताचा उतारा इथं आरटीसी म्हणून मिळतो. त्याशिवाय एन.ए.चा हुकूम, मंजूर लेआऊटचा नकाशा आणि बोजा आहे का ते दाखवणारी ईसी मागा. ईसी कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या 'कावेरी' वेबसाईटवर स्वतः काढता येते. हिंडलगा, बेनकनहळ्ळी ही गावं ग्रामपंचायतीत येतात, तिथं ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीच्या मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीचा, फॉर्म ९ आणि ११-ए बघा. हातात ११-बी ठेवला तर थांबा, तो रीतसर मंजुरी नसलेल्या मिळकतीचा असतो. आमच्या त्या पहिल्या एजंटकडे यातला एकही कागद नव्हता; दुसऱ्यानं न मागता फाईल ओट्यावर उघडली होती.

कॅम्पातला, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातला, बंगला स्वस्तात मिळतोय असं कोणी सांगितलं तर फार सावध राहा. तिथले बरेच बंगले ओल्ड ग्रँटचे आहेत, म्हणजे जमीन सरकारची, तुमचा हक्क फक्त बांधकामावर, आणि हस्तांतराला संरक्षण संपदा खात्याची परवानगी लागते. कॅम्पाच्या भिंतीला लागून प्लॉट असेल तर बांधकामाला लष्कराच्या ना-हरकतीचा प्रश्न येतो. सांबऱ्याकडे, विमानतळाच्या धावपट्टीच्या बाजूला, इमारतीच्या उंचीचा.

रेराबद्दलही, म्हणजे घरबांधणी प्रकल्प आणि एजंटांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेबद्दलही, विचारलंय. २०१६ च्या कायद्यानं नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकणाऱ्या एजंटकडे नोंदणी क्रमांक असावाच लागतो, तो कर्नाटक रेराच्या वेबसाईटवर तपासता येतो. नसेल तर विषय संपला. पण भाड्याच्या घराला रेरा लागू नाही, आणि नंबर आहे म्हणून माणूस सचोटीचा असं होत नाही.

एक गोष्ट कधीही करू नका: मुखत्यारपत्र एजंटच्या नावावर. "साहेबांना रजा कुठं मिळणार, माझ्या नावावर पॉवर द्या, मी रजिस्टर करून घेतो" असं आम्हालाही म्हणाले होते. द्यायचंच तर ते तुमच्या नावावर, फक्त त्या एका मिळकतीपुरतं, आणि मिस्टर जिथं राहत असतील तिथल्या सब-रजिस्ट्रारसमोर करून घ्यायचं. आयकार्डाचा, कॅन्टीन कार्डाचा फोटोही एजंटच्या व्हॉट्सॲपवर टाकू नका. जवानांच्या कार्डांचे फोटो दाखवून घरमालकांना फसवणाऱ्या टोळ्या आहेत, तुमचं कार्ड त्यांच्या हाती लागायला नको.

तुमच्या जागी मी असते तर या रजेत फक्त भाड्याचं घर बघितलं असतं, कॅम्पातल्या केंद्रीय विद्यालयाला जवळ पडेल असं, म्हणजे सकाळी टिळकवाडीच्या रेल्वे गेटात मुलांची रिक्षा अडकणार नाही. प्लॉटसाठी एक पावसाळा जाऊ द्या. आषाढात एजंटला फोन करा, छत्री घेऊन चला म्हणावं, आणि जो चिखलात उतरून जागा दाखवायला येईल त्याच्याशी भावाचं बोलणं सुरू करा.