लॉकचा दिवा लागला म्हणून काय झाले?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे आलेख मिळाले. दोन रेडिओ रिसीव्हर, दोघांना एकाच स्रोतातून जाणारा १० मेगाहर्ट्झचा संदर्भ, एकच पीपीएस (दर सेकंदाला एकदा येणारा वेळेचा स्पंद), दोन्हींवर लॉकचा दिवा लागलेला. आणि तरीही प्रोग्राम नव्याने सुरू केला की दोन चॅनलमधला फेजचा, म्हणजे लहर आपल्या आवर्तनात कोठवर आली आहे याचा, फरक दर वेळी वेगळाच निघतो. यावर उपाय म्हणून अधिक महाग जीपीएस क्लॉक घ्यावे का, असा तुझा प्रश्न आहे. घेऊ नकोस. तुझ्याकडचे क्लॉक या कामाला पुरेसे आहे. तुझ्याकडे नाही ते मोजमाप.

तो दिवा काय सांगतो, हे आधी नीट पाहा. रिसीव्हरमधला ऑसिलेटर बाहेरून आलेल्या संदर्भाच्या मागे चालू लागला आहे, एवढेच तो सांगतो. तो संदर्भ स्वतः बरोबर आहे की नाही, हेदेखील त्याला ठाऊक नसते. जीपीएसला अजून उपग्रह सापडलेले नसतानाही क्लॉक १० मेगाहर्ट्झ देतच असते आणि दिवा तितक्याच आत्मविश्वासाने लागतो. संदर्भामुळे दोघांची गती सारखी होते, आणि ते कमी नाही, कारण १ गिगाहर्ट्झवर दोन क्रिस्टलमध्ये एका पीपीएमचा (दहा लाखांत एकाचा) फरक असला तरी तो १ किलोहर्ट्झ भरतो आणि त्यांच्यातली फेज सेकंदाला हजार फेरे घेते. पण गती सारखी असलेल्या दोन घड्याळांत एकच वाजलेले असेल असे नाही. कोणते सॅम्पल (संकेताचे टिपलेले एक मोजमाप) कोणत्या क्षणाचे, हे ठरवण्यासाठी पीपीएस लागतो. आणि लोकल ऑसिलेटरची, म्हणजे आलेल्या संकेताशी मिसळली जाणारी रिसीव्हरमधली लहर, तिची फेज या दोहोंपैकी कोणीच ठरवत नाही. ट्यून करताना ही लहर तयार करणाऱ्या सिंथेसायझरमधले विभाजक कोणत्याही अवस्थेतून सुरुवात करतात. तेथून पुढे फरक स्थिर राहतो, परंतु तो किती असेल हे त्या वेळेपुरते दैवावर असते. तुझ्या आलेखांत नेमके हेच दिसते आहे. त्यात बिघाड काहीही नाही.

म्हणून माझे एकच सांगणे आहे, आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: एकच संकेत त्याचे वाटे करणाऱ्या स्प्लिटरमधून सर्व रिसीव्हरना दे आणि मोज. प्रत्येक सुरुवातीला मोज, आणि वारंवारता बदललीस की पुन्हा मोज. काही बोर्डांवर ठरलेल्या क्षणी ट्यून होण्याची आज्ञा देता येते आणि मग फरक दर वेळी तोच येतो, हे खरे आहे. परंतु तोच येतो म्हणजे शून्य येतो असे नव्हे, आणि तो किती आहे हे मोजल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही.

वेळेच्या बाबतीत सापळे निराळे आहेत. 'पुढच्या पीपीएसला वेळ शून्य कर' ही आज्ञा एका रिसीव्हरला पीपीएसच्या स्पंदाच्या कडेच्या किंचित आधी आणि दुसऱ्याला किंचित नंतर पोचली, तर दोघांत बरोबर एका सेकंदाचा फरक पडतो आणि दोघेही निर्दोष दिसतात. त्यासाठी आधी एक कड येऊन गेल्याची खात्री करायची आणि मग लगेच दोघांना आज्ञा द्यायची. सॅम्पल घेणे 'आत्ता' सुरू करायचे नाही, पुढच्या एका निश्चित क्षणी सुरू करायचे. संगणक मागे पडला आणि मध्येच सॅम्पल गळाले, तर त्यापुढचे सॅम्पल मोजून काढलेला काळ चुकलेला असतो. तेथे टाइमस्टॅम्पच धरायचा. पीपीएसच्या वायरीच्या टोकाला ५० ओहमचा रोध नीट जोडलेला नसेल, तर परावर्तनामुळे कड विद्रूप होते आणि रिसीव्हर भलत्याच उंचीवर ती पकडतो. हे सगळे तुला ठाऊक असेल असे गृहीत धरून मी पुढे जात होते, पण तुझ्या आलेखांपैकी एकात ५० नॅनोसेकंदांचा फरक दिसला, म्हणून थांबले. तुझा सॅम्पल दर सेकंदाला २ कोटी आहे, म्हणजे हा फरक बरोबर एका सॅम्पलचा आहे. साध्या कोअॅक्सिअल केबलमध्ये संकेताला मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. पीपीएसच्या दोन वायरींच्या लांबीत १० मीटरचा फरक आहे का, ते पाहा. आगमनवेळेच्या फरकावरून स्थान काढायचे असेल, तर हेच ५० नॅनोसेकंद अंतरांच्या फरकात १५ मीटरची चूक होऊन बसतात.

पुढे तुला रिसीव्हर दूर दूर ठेवून प्रत्येकाला स्वतंत्र जीपीएस क्लॉक द्यायचे आहे. अशा दोन क्लॉकच्या पीपीएसमध्ये दहा-वीस नॅनोसेकंदांचा फरक सहज राहतो. आगमनवेळेसाठी तो कदाचित चालेल. पण १ गिगाहर्ट्झवर एक आवर्तनच १ नॅनोसेकंदाचे असते, तेव्हा अशा क्लॉकच्या भरवशावर फेजची भाषा करणे व्यर्थ आहे. फायबर टाकणे शक्य असेल, तर सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत जन्मलेली, घड्याळे जुळवण्याची व्हाइट रॅबिट पद्धत एका नॅनोसेकंदाच्या आत आणून सोडते. आणि त्यानंतरही मोजावे लागतेच.

माझ्या या हट्टाची टिंगल झालेली आहे. एका कामात अँटेना आणि रिसीव्हर यांच्यामध्ये एक छोटा स्विच बसवून त्यातून कॅलिब्रेशनचा संकेत सोडावा, असे मी सुचवले होते. क्लॉक सामाईक असताना हा खर्च कशाला, असे म्हणून तो आराखड्यातून काढला गेला, आणि पुढे प्रत्येक मोहिमेपूर्वी माणसे शिडीवर चढून केबल सोडवून पुन्हा जोडत राहिली. मला खंत आहे ती वाद हरल्याची नाही, त्या वादात माझ्या बाजूने बोलणारा एक तरुण सहकारी कंटाळून काम सोडून गेला याची आहे. माझ्या अधीरपणाचाही त्यात वाटा असावा, असे लोक म्हणतात. असेल. पण मुद्दा माझाच बरोबर होता, आणि तो माझ्या एकटीचा नाही. क्राकेनएसडीआर या रिसीव्हरचे पाचही चॅनल एकाच क्लॉकवर चालतात, तरी त्यांना आपसांत जुळवण्यासाठी रचनाकारांनी आतच नॉइज सोर्स ठेवला आहे. इव्हेंट होरायझन टेलिस्कोपने, म्हणजे जगभर पसरलेल्या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाने, एप्रिल २०१७ मध्ये एम८७ या दीर्घिकेची निरीक्षणे केली, तेव्हा दुर्बिणींच्या ठिकाणी हायड्रोजन मेसर ही अतिशय स्थिर अणुघड्याळे होती. याहून चांगले क्लॉक तुला कोणी देणार नाही. तरीही उरलेला विलंब आणि त्याचा बदलता दर त्यांना नोंदींमधूनच शोधावा लागला, आणि ३सी २७९ या तेजस्वी क्वेसारकडेही मधून मधून पाहावे लागले. सर्वांना दिसणारा एकच संकेत घ्या आणि मोजा, हेच तेथेही झाले. ज्यांच्याकडे मेसर आहे त्यांना जे टाळता आले नाही, ते तुला दिव्याकडे पाहून टाळता येईल असे का वाटावे?

आता काय करायचे ते सांगते. वेळेसाठी रुंद पट्ट्याचा नॉइज घे, कारण त्याच्या कोरिलेशनला (दोन नोंदी एकमेकींवर सरकवून जुळणी पाहण्याला) एकच टोकदार शिखर येते. शुद्ध टोन दर आवर्तनाला स्वतःसारखाच दिसतो, तो वेळ सांगू शकत नाही. फेजसाठी टोन चालेल. स्प्लिटरचे दोन्ही फाटे जोडून फरक नोंदव. मग रिसीव्हर चालूच ठेवून, वारंवारतेला हात न लावता, रिसीव्हरकडची दोन टोके आपसांत बदल आणि पुन्हा नोंदव. दोन नोंदींच्या बेरजेचे निम्मे हा रिसीव्हरचा फरक, वजाबाकीचे निम्मे हा केबल आणि स्प्लिटरचा. फेज ३६० अंशांना गुंडाळली जाते, त्यामुळे निम्मे करताना १८० अंशांची संदिग्धता उरते. ती केबलच्या मोजलेल्या विलंबावरून सोडवता येईल. मध्ये पुन्हा ट्यून केलेस, तर दोन्ही नोंदी फुकट जातील. यंत्रे तापून स्थिर झाल्यावर एकदा आणि तासाभराने एकदा, असे सगळे दोनदा कर.

हे आकडे मला पाठव. अँटेना किती अंतरावर ठेवाव्यात, हेही तू विचारले आहेस. त्याचे उत्तर मी आकडे आल्याशिवाय देणार नाही.

तुझी शुभचिंतक