बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी बहिणीचं डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं काजवे चमकतात. आई म्हणते अशक्तपणा आहे. झटके आले तर घरी काय करायचं?

दादा, आधी बहिणीचं बीपी मोजून घ्या, आजच. उत्तर नंतर वाचा. १४०/९० किंवा वर असेल तर थेट दवाखाना गाठा, १६०/११० म्हणजे एक तासही घालवायचा नाही. नीट आलं तरी असं डोकं दुखत असताना डॉक्टरांना दाखवाच. आई अशक्तपणा म्हणतात, पण डोकं ठणकतंय आणि काजवेही चमकतात, तर नुसता अशक्तपणा समजून बसू नका. पोटात वरच्या बाजूला दुखणं, तोंडावर सूज हीसुद्धा बाळंतपणात बीपी वाढल्याचीच लक्षणं, आणि त्यातूनच झटके येतात.

मी पाटण तालुक्यात सिस्टर होते. बाळंतपण झालं की सुटलो, असं घरच्यांना वाटतं. हे झटके बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत येतात, पण सहा आठवड्यांपर्यंत कधीही येऊ शकतात. आपला सव्वा महिना म्हणजे जवळजवळ तेवढाच काळ.

एका पावसाळ्यात कोयनेच्या खोऱ्यातल्या वाडीवरून नवव्या दिवसाची बाळंतीण आणली होती. घरी 'वात आला' म्हणून अंगारा लावला, कांदा हुंगवला, दातखीळ सोडवायला चमचा घातला. दात हलला आणि रक्त घशात उतरलं. झटका थांबला होता, आमची धावपळ त्या रक्तासाठी.

म्हणून झटका आला तर तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. हातपाय दाबून धरू नका. डाव्या कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर येईल, आजूबाजूचं टणक सामान हलवा, एकानं १०८ लावा. गरोदर बाईलाही हेच. झटका मिनिटा-दोन मिनिटांत थांबला तरी जायचंच, दुसरा येऊ शकतो.

यावरचं औषध मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन. पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येतो: दोन्ही कुल्ल्यांवर पाच-पाच ग्रॅम, खोल. सुई फार दुखते, अंगात गरम वाफ उठल्यासारखं वाटतं, बायका ओरडतात. ओरडू देत. तो डोस घेऊन कराड किंवा साताऱ्याला निघालेली बाई आणि तसाच रस्ता धरलेली बाई यांत मोठा फरक असतो. मोठ्या दवाखान्यात पुढचे डोस देताना गुडघ्यावर हातोडी मारून पाहतात, श्वास आणि लघवी मोजतात, कारण औषध जास्त झालं तर श्वास मंदावतो. शेवटच्या झटक्यानंतर चोवीस तास ते चालू ठेवतात.

दवाखान्याच्या दारात पहिलं वाक्य हे बोला: 'बाळंत होऊन पाच दिवस झालेत.' नुसतं 'फिट आली' म्हटलं तर फेफऱ्याचे उपचार सुरू होऊ शकतात. गरोदरपणाचं कार्ड बरोबर घ्या.

आणि मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेऊ नका. वाटेत झटका आला तर धरता येत नाही.