महायुद्धावरून परत आलेला शेतकरी पुढं कसा जगला?

तुमचा प्रश्न असा आहे की पणजोबा शेतकरी होते, दुसऱ्या महायुद्धात लढून आले, एवढंच घरात माहितेय, तर अशा माणसांचं आयुष्य नेमकं कसं असायचं. आमचे आजोबा (आम्ही आबा म्हणायचो) माण तालुक्यातले, मराठा पलटणीतून इटलीला जाऊन आलेले, म्हणून लिहितोय. माझं मत विचाराल तर या लोकांकडं फक्त सैनिक म्हणून बघितलं की निम्मा माणूस हुकतो. वर्दी अंगावर चार-पाच वर्षं आणि हातात कासरा जन्मभर.

भरती का झाले तर दुष्काळ आणि सावकार, दुसरं काही नाही. लढाई सुरू झाली तेव्हा हिंदुस्थानी फौज दोन लाखांच्या आसपास होती, संपेपर्यंत ती २५ लाखांवर गेली आणि सक्तीची भरती नव्हती, सगळे आपण होऊन गेलेले. आता आपण होऊन म्हणजे काय तर शिपायाला महिन्याला सोळा-अठरा रुपये, वर जेवण आणि कपडे, आणि इकडं माणदेशात पाऊस नाही, मग कोण थांबणार. सातारा जिल्ह्यात तर आधीपासूनच घराघरातनं एक माणूस पलटणीत, अपशिंगे मिलिटरी नावाच्या गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, ते गाव आजही त्याच नावानं ओळखतात. गंमत बघा, १९४३ नंतर त्याच जिल्ह्यात नाना पाटलांचं पत्री सरकार चालू होतं, म्हणजे एक भाऊ इंग्रजांच्या फौजेत आणि चुलतभाऊ इंग्रजांच्या विरोधात भूमिगत, आणि दोघांच्या घरची भाकरी एकाच चुलीवर. आमच्या भावकीत हेच होतं, आणि त्यावरनं भांडण झाल्याचं कोणी सांगत नाही.

बेळगावला ट्रेनिंग, मग बोट. इटलीत हिंदुस्थानी फौजेच्या तीन डिव्हिजन लढल्या, चौथी, आठवी आणि दहावी, आणि ५,७८२ माणसं तिथं कामी आली. आपल्या मराठा पलटणीत दोन व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक) इटलीतच मिळाले. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले नाहीतर जखमी झाले तेव्हा एकटे मशीनगनवर धावून गेले, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना झोडपलं आणि मग लपलेल्या जर्मनाची गोळी लागून तिथंच पडले. त्यांचं स्मारक २०२३ मध्ये तिकडं मोंतोने गावात झालंय. दुसरे संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. आधी दोन जखमींना पाण्यातनं आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातनं एकेक करून सुखरूप जागी नेऊन ठेवलं, मग परत फिरून एकट्यानं मशीनगनच्या तीन चौक्या संपवल्या, हाताला गोळी लागल्यामुळं बंदूक चालवता येईना तर हातबॉम्ब टाकत राहिले. ते वाचले, १९८४ पर्यंत होते. दोघंही तेव्हा पंचविशीच्या आतले.

आबांना मात्र इटलीचं विचारलं की ते बैलांवर यायचे. तिकडचे बैल पांढरेशुभ्र, पण अंगानं आपल्या खिल्लारच्या दुप्पट, आणि शिंगं बोटभर. "एवढं मोठं जनावर आणि शिंगात काय नाय" असं म्हणून ते हसायचे. जर्मन माघार घेताना शेतकऱ्यांची जनावरं हाकून न्यायचे आणि रानात सुरुंग पेरून जायचे, त्यामुळं लढाई पुढं सरकली तरी तिथल्या माणसाला नांगर धरायची भीती. एक म्हातारा रिकाम्या गोठ्याच्या दारात दावं हातात घेऊन बसलेला त्यांनी बघितलेला, हे मात्र ते खूपदा सांगायचे आणि जर्मनांना किती मारलं हे कधीच नाही. आम्ही पोरं कंटाळायचो, आम्हाला बंदूक पाहिजे असायची.

मागं शेत कोणी केलं हे कोणी विचारत नाही, ते सांगतो. आजीनं. सासरा थकलेला, दीर लहान, तर नांगरटीला सावडीवर बैल घ्यायचे आणि पाळी आली की स्वतः दुसऱ्याच्या रानात राबायचं. पोस्टमन आला की आधी काळजात धस्स, मनीऑर्डर आहे का तार, आणि मनीऑर्डर निघाली की त्यातली निम्मी तिथूनच सावकाराकडं. कापड आणि रॉकेल रेशनवर, तेही मिळेल तेव्हा. माझ्या हिशोबानं महायुद्ध तिनंही केलं, पदक एकाला मिळालं.

१९४६ ला पलटणी कमी केल्या तेव्हा लाखो लोकांना घरी पाठवलं, त्यात आबाही. पंधरा वर्षं सर्व्हिस नाही म्हणून पेन्शन नाही. हातात जे पैसे आले त्यातनं कर्ज फिटलं आणि खरसुंडीच्या बाजारातनं एक खोंडाची जोडी आली, झालं, पुढची चाळीस वर्षं परत तेच, बाजरी, मटकी आणि पावसाची वाट. सवयी तेवढ्या राहिल्या, रोज पहाटे दाढी, आणि रोमन लिपीतली हिंदुस्थानी वाचता यायची पण मराठी वाचताना अडखळायचे कारण शाळा दुसरीपर्यंत आणि उरलेलं शिक्षण पलटणीत. १९७२ च्या दुष्काळात हाच माणूस पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होता आणि दुपारी सुकडीच्या लाईनीत उभा होता. त्याचं त्यांना काही वाटलं नाही म्हणे, वाईट वाटलं ते बैल विकावे लागले त्याचं. पुढं राज्य सरकारनं महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा अनुदान सुरू केलं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातनं मिळतं, पण त्याला डिस्चार्जचा कागद लागतो आणि बऱ्याच घरात तो वाळवीनं खाल्लेला.

आता तुमच्या पणजोबांचं. ट्रंकेत, देव्हाऱ्यात, माळ्यावर शोधा, सहा टोकांचा पितळी रंगाचा तारा सापडला तर त्यावर बहुधा मोहिमेचं नाव असतं, आफ्रिका, बर्मा नाहीतर इटली. इटलीच्या ताऱ्याची फीत लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल असते, बिल्ला हरवून नुसती फीत उरली असेल तरी ओळखता येते. डिस्चार्ज बुक असेल तर सर्व्हिस नंबर बघा आणि पलटण मराठा असेल तर बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्री सेंटरच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका, नंबर नसेल तर काम अवघड आहे. त्यांचा कोणी भाऊबंद तिकडंच मारला गेला असेल तर सीडब्ल्यूजीसीच्या (महायुद्धातल्या मृत सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणारं कमिशन) साईटवर नावानं सर्च होतं, फक्त स्पेलिंग चार-पाच प्रकारे टाकून बघा, इंग्रज कारकुनांनी आपल्या आडनावांचं पार वाटोळं केलंय. तारा किंवा फीत मिळाली तर फोटो टाका इथंच, कुठल्या आघाडीवर होते ते बघून सांगतो.